लायटर पेटेनासा झाला तर : दोष कसा ओळखावा, दुरुस्ती कुठवर करावी

खिशातला लायटर एके दिवशी अचानक पेटेनासा होतो. अंगठ्याने चाक चार-पाच वेळा फिरवले जाते, लायटर जोराने झटकला जातो आणि तरीही ज्योत दिसली नाही की त्याची रवानगी कचऱ्याच्या टोपलीत होते. निरांजन, उदबत्ती, शेगडी, शेकोटी किंवा सिगारेट, काम कोणतेही असो, लायटरचा शेवट बहुधा असाच होतो. वस्तुतः अशा लायटरमध्ये अनेकदा काहीही मोडलेले नसते. खडा झिजलेला असतो, गॅसच्या तोंडाशी काजळी बसलेली असते किंवा टाकीत हवा अडकलेली असते. हे दोष घरच्या घरी काही मिनिटांत दूर करता येतात. याउलट काही लायटर व्यवस्थित पेटत असूनही तत्काळ वापरातून काढून टाकावेत असे असतात. या दोहोंतील फरक ओळखणे हाच लायटरच्या दुरुस्तीतील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण हाताशी असलेली वस्तू लहान दिसली तरी तिच्या पोटात दाबाखालील ज्वालाग्राही द्रव असतो.

गेल्या काही वर्षांतील सरकारी निर्णयांमुळेही या विषयाला महत्त्व आले आहे. वीस रुपयांपेक्षा कमी आयात मूल्य असलेल्या खिशात बाळगण्याच्या गॅस लायटरच्या आयातीवर केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये बंदी घातली. हे मूल्य ठरवताना वस्तूची किंमत, विमा आणि वाहतूक खर्च एकत्र धरला जातो. एकदा वापरून फेकून देण्याचे आणि पुन्हा गॅस भरता येणारे असे दोन्ही प्रकार या बंदीच्या कक्षेत आले. स्वस्तातला नवा लायटर घेण्यापेक्षा चांगला लायटर घ्यावा आणि तो जपून, दुरुस्त करून वापरावा, हा विचार त्यामुळे अधिक व्यवहार्य ठरतो.

तीन गोष्टींचा मेळ

ज्योत पेटण्यासाठी इंधन, हवा आणि ठिणगी या तीन गोष्टी योग्य वेळी, योग्य प्रमाणात एकत्र याव्या लागतात. लायटरचे सर्व बिघाड या तिघांपैकी एखादी गोष्ट कमी पडल्याने किंवा अधिक झाल्याने होतात. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी नेमके काय बिघडले आहे, हे पाहावे.

त्यासाठी दोन सोप्या चाचण्या पुरतात. पहिली डोळ्यांची. अंधाऱ्या खोलीत लायटर चेहऱ्यापासून दूर धरून चाक फिरवावे किंवा बटण दाबावे. अंधारात अगदी क्षीण ठिणगीही दिसते. दुसरी कानांची. चाक न फिरवता केवळ गॅस सोडणारी कळ दाबावी आणि बारीक ‘सूऽऽ’ असा आवाज येतो का, ते ऐकावे. ठिणगी पडते पण आवाज येत नाही, तर दोष इंधनाच्या मार्गात आहे. आवाज येतो पण ठिणगी दिसत नाही, तर दोष ठिणगीच्या यंत्रणेत आहे. दोन्ही असूनही ज्योत धरत नसेल, तर गॅस आणि हवा यांचे प्रमाण बिघडलेले असते. ब्यूटेन हवेत सुमारे दोन ते आठ टक्के इतक्या प्रमाणात मिसळलेला असेल तरच पेट घेतो. प्रमाण त्याहून कमी झाले किंवा वाढले, तर ठिणगी कितीही जोरकस असली तरी ज्योत धरत नाही.

खड्याचा लायटर

चाकाच्या लायटरमधील खड्याला सर्रास ‘चकमकीचा दगड’ म्हटले जाते, परंतु तो दगड नसून मिश्रधातू असतो. लोखंड आणि सिरियम हे त्याचे प्रमुख घटक. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. जुन्या चकमकीत कठीण गारगोटी पोलादाचे कण खरवडून काढत असे. लायटरमध्ये नेमके उलट घडते. पोलादी चाकाचे बारीक दाते मऊ खड्याचे कण खरवडतात आणि हे कण हवेचा स्पर्श होताच आपोआप पेट घेतात. म्हणजे प्रत्येक वेळी चाक फिरवताना खडा थोडा झिजतो. तो संपणे हा बिघाड नसून वापराचा स्वाभाविक परिणाम आहे.

चाक अडथळ्याविना भर्रकन फिरत असेल, तर खडा संपला असे समजावे. चाक अडकत असेल, तर खडा वेडावाकडा झिजून चाकाखाली रुतलेला असतो. चाक नीट फिरूनही ठिणगी मंद असेल, तर दात्यांमध्ये खड्याची भुकटी आणि काजळी साचलेली असते. अशा वेळी कोरड्या टूथब्रशने चाक घासले तरी पुरते.

खडा बदलण्याची सोय असलेल्या लायटरच्या तळाशी एक छोटा स्क्रू असतो. त्यावर स्प्रिंगचा ताण असल्याने तो सावकाश, बोटाने दाबून धरत सोडवावा. अन्यथा स्प्रिंग उडून हरवते किंवा डोळ्याला इजा करते. स्प्रिंग बाहेर काढून लायटर तळहातावर हलकेच आपटला की खड्याचा उरलेला तुकडा पडतो. सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचा नवा खडा नळीत सोडून स्प्रिंग आणि स्क्रू पूर्ववत बसवावेत. स्क्रू शेवटपर्यंत घट्ट व्हायला हवा. तो सैल राहिला तर स्प्रिंगचा दाब कमी पडतो आणि नवा खडा असूनही ठिणगी पडत नाही.

वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या लायटरमध्ये, विशेषतः दमट हवेत, खडा गंजून फुगतो आणि नळीत घट्ट बसतो. तो काढण्यापूर्वी इंधन पूर्ण रिकामे करावे. बारीक टाचणीने किंवा हाताने फिरवायच्या छोट्या गिरमिटाने तो थोडा थोडा कोरून काढता येतो. विजेवर चालणारे ड्रिल मात्र वापरू नये. ठिणगी देणे हाच ज्या धातूचा गुणधर्म आहे, त्यावर वेगाने ड्रिल फिरवणे म्हणजे आगीला निमंत्रण होय.

बटणाचा लायटर

बटण दाबताच ‘टक्’ असा आवाज करणाऱ्या लायटरमध्ये खडा नसतो. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार निर्माण होतो, हे प्येर आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले होते. याच तत्त्वावर हे लायटर चालतात. आतील स्प्रिंग ताणली जाते, छोटी हातोडी सुटून विशिष्ट सिरॅमिकच्या तुकड्यावर आदळते आणि क्षणभर हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन तारेच्या टोकापासून गॅसच्या तोंडापर्यंत ठिणगी उडी घेते. भारतीय स्वयंपाकघरांतील शेगडीचा लायटरही याच तत्त्वावर काम करतो. त्यात इंधन नसते, केवळ ठिणगी असते.

‘टक्’ आवाज येऊनही ठिणगी दिसत नसेल, तर ती भलत्याच वाटेने जात असण्याची शक्यता असते. विजेला सर्वांत सोपी वाट हवी असते. टोकाशी ओल, तेलकट थर किंवा काजळी असेल तर भार हवेतून उडी घेण्याऐवजी त्या थरावरून वाहून जातो. कोकणात किंवा केरळात पावसाळ्यात शेगडीचे लायटर हटकून रुसतात, त्याचे हेच कारण. कोरड्या कापडाने किंवा कापसाच्या काडीने टोक पुसून लायटर कोरड्या जागी ठेवला की तो पुन्हा चालू लागतो. लायटर पडल्याने ठिणगीची तार वाकली असेल, तर चिमट्याने ती अलगद मूळ जागी आणावी. तार आणि गॅसचे तोंड यांत केवळ काही मिलिमीटरचे अंतर असते. ते वाढले तर ठिणगी पोहोचत नाही आणि दोन्ही टोके एकमेकांना टेकली तर ती पडतच नाही. आवाजच येत नसेल, तर आतील हातोडीची यंत्रणा तुटलेली असते. ती दुरुस्त होत नाही, सबंध बदलावी लागते.

गॅस आहे, तरीही ज्योत नाही

लायटरच्या टाकीत ब्यूटेन द्रवरूपात असतो. त्याचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश सेल्सियस आहे. सामान्य तापमानाला तो वायू व्हायला पाहतो आणि बंद टाकीत स्वतःचा दाब निर्माण करतो. हा दाब २० अंशांना वातावरणीय दाबाच्या सुमारे दुप्पट असतो. कळ दाबली की झडप उघडते आणि वायू बाहेर पडतो.

या एका गुणधर्मावरून अनेक तक्रारींचा उलगडा होतो. काश्मीर, हिमाचल किंवा लडाखच्या हिवाळ्यात पारा शून्याखाली गेला की ब्यूटेन द्रवरूपातच राहतो आणि भरलेला लायटरही पेटत नाही. त्यात बिघाड काहीच नसतो. तो काही मिनिटे मुठीत किंवा आतल्या खिशात धरून शरीराच्या उबेने गरम केला की पुरते. तो शेकोटीजवळ, शेगडीवर किंवा हीटरसमोर कधीही धरू नये. उंच डोंगरी प्रदेशात विरळ हवेची अडचणही असते. सिगारसाठी वापरल्या जाणाऱ्या, निळी टोकदार ज्योत देणाऱ्या लायटरमध्ये गॅस पेटण्यापूर्वीच हवेत मिसळला जातो. हवा विरळ झाली की हे मिश्रण बिघडते. तेथे साध्या पिवळ्या ज्योतीचा, खड्याचा लायटर किंवा काडेपेटी अधिक भरवशाची ठरते.

उबदार हवेतही ज्योत लहान किंवा थरथरती असेल, तर प्रथम ज्योतीची उंची ठरवणारा स्क्रू पाहावा. त्याच्याजवळ सहसा अधिक आणि वजा अशा खुणा असतात. तो किंचित ‘अधिक’कडे फिरवून पाहावा. उपयोग झाला नाही तर गॅसच्या तोंडाशी साचलेला खिशातील धागा, तंबाखूचा कण किंवा काजळी कोरड्या ब्रशने झाडावी. हातपंपाने हवेचा झोतही देता येतो. तोंडाने फुंकर मारल्यास ओल जाते, म्हणून ते टाळावे. सुई खुपसून छिद्र मोठे करण्याचा मोह मात्र आवरावा. ते छिद्र वायूचे प्रमाण ठरवते. ते रुंदावले तर लायटर कायमचा धोकादायक होतो.

गॅस भरण्याची रीत

‘गॅस भरला, तरी दोन दिवसांत संपला’ किंवा ‘भरूनही पेटत नाही’ ही नेहमीची तक्रार असते. तिचे कारण बहुधा टाकीत अडकलेली हवा असते. हवा द्रव होत नाही. ती जागा व्यापते, त्यामुळे नवा गॅस आत कमी जातो आणि सुरुवातीला तोंडातून गॅसऐवजी हवाच बाहेर पडते.

म्हणून भरण्यापूर्वी टाकी रिकामी करावी. मोकळ्या हवेत, आसपास कोणतीही ज्योत, पेटती सिगारेट किंवा विजेचे उपकरण नसल्याची खात्री करून, लायटर उलटा धरावा आणि तळाची झडप बारीक टोकाने आवाज थांबेपर्यंत दाबून ठेवावी. ज्योतीचा स्क्रू सर्वांत कमी स्थितीत आणावा. मग लायटरचा तळ वर करून त्यावर लायटरच्या गॅसचा डबा उलटा, सरळ रेषेत दाबावा. डबा उलटा असेल तरच द्रव खाली उतरतो. चार-पाच सेकंद पुरतात. कडेने गॅस उडू लागला की थांबावे. हा द्रव त्वचेवर पडला तर क्षणात बाष्प होऊन उष्णता शोषून घेतो आणि त्वचेला थंडीचा चटका बसतो.

भरल्यानंतर लगेच पेटवून पाहणे ही सर्वांत धोक्याची चूक आहे. ब्यूटेन वायू हवेपेक्षा सुमारे दुप्पट जड असल्याने सांडलेला गॅस वर न जाता खाली, हाताभोवती आणि टेबलावर रेंगाळतो. किमान पाच मिनिटे थांबावे, जागा बदलावी, हात आणि लायटर पुसावा आणि मगच चाचणी घ्यावी. तेवढ्या वेळात टाकीतील थंड गॅसही खोलीच्या तापमानाला येतो.

घरगुती सिलिंडरमधून लायटर भरण्याचा प्रयत्न कदापि करू नये. त्या गॅसमध्ये ब्यूटेनसोबत प्रोपेनही असतो. प्रोपेनचा दाब २० अंशांना वातावरणीय दाबाच्या आठपटींहून अधिक असतो. ब्यूटेनच्या दुप्पट दाबासाठी घडवलेली टाकी तो ताण झेलेल याची शाश्वती नाही.

वातीचा लायटर

पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या हलक्या द्रव इंधनावर चालणाऱ्या धातूच्या लायटरमध्ये झडप किंवा दाब नसतो. कापसाने शोषलेले इंधन वातीतून वर चढते. ते काही दिवसांत आपोआप उडून जाते, त्यामुळे आठवडाभर न वापरलेला लायटर कोरडा पडला तर तो गळका आहे असे समजू नये. ज्योत मंद झाली असेल तर वातीचे जळालेले काळे टोक कापून ती चिमट्याने थोडी वर ओढावी. ठिणगी नसेल तर तळाचा स्क्रू काढून खडा बदलावा. कापूस भिजेल इतकेच इंधन थेंबाथेंबाने घालावे. भरून वाहणारा लायटर खिशात ठेवल्यास कातडीला फोड येतात आणि तो पेटवताच हातानेही पेट घ्यावा अशी स्थिती असते. पेट्रोल पंपावरील पेट्रोल त्यात वापरू नये. ते अधिक वेगाने उडते आणि त्यात बेंझीनसारखे घातक घटक असतात.

कुठे थांबावे

तळाला झडप नसलेला, एकदा वापरून फेकून देण्याचा लायटर हा दुरुस्तीचा विषय नाही. सुई टोचून किंवा वरचा भाग उचकटून अशा लायटरमध्ये गॅस भरून देणारे कारागीर अनेक शहरांच्या फुटपाथवर दिसतात. त्यांचे कसब वाखाणण्याजोगे असले तरी त्या प्लॅस्टिकच्या टाकीची रचना पुन्हा भरण्यासाठी नसते. झडप एकदा हलली की ती पूर्ववत बंद होईल याचा भरवसा राहत नाही. किती भरले यावरही नियंत्रण नसते. टाकीत द्रव किती असावा याला आंतरराष्ट्रीय मानकाने ८५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, कारण उष्णतेने द्रव प्रसरण पावतो आणि त्याला मोकळी जागा लागते. त्याच मानकानुसार लायटरने दीड मीटर उंचीवरून पडणे आणि ६५ अंश सेल्सियस तापमान सोसणे अपेक्षित असते. विदर्भात किंवा राजस्थानात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत, काचेमागच्या फळीवर ठेवलेली वस्तू या तापमानाच्या जवळ किंवा त्यापलीकडेही जाऊ शकते. काठोकाठ भरलेला, तडा गेलेला लायटर तेथे फुटला तर नवल नाही.

कळ सोडल्यानंतरही ज्योत विझत नसेल, स्क्रू कमी करूनही ती बोटभर उंच उसळत असेल, तोंडाशी जळते थेंब उडत असतील, टाकीला तडा गेला असेल किंवा न वापरताही गॅसचा वास येत असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा. गळतीची शंका असल्यास झडपेवर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवावा. बुडबुडे आले तर झडपेचा रबरी भाग झिजलेला असतो. महागड्या लायटरची झडप जाणकाराकडून बदलून घेता येते, स्वस्त लायटर मात्र निकालात काढावा. तोही थेट कचऱ्यात टाकू नये. मोकळ्या हवेत गॅस पूर्ण सोडून, तो रिकामा झाल्याची खात्री करूनच टाकावा. जाळण्याच्या कचऱ्यात गेलेला अर्धा भरलेला लायटर सफाई कामगाराच्या तोंडावर फुटू शकतो.

दहा रुपयांच्या वस्तूमागील अर्थकारण

स्वस्त लायटरवरील बंदीची मागणी दक्षिण तमिळनाडूतून आली होती. शिवकाशी, सात्तूर आणि कोविलपट्टी या परिसरात काडेपेटीचा व्यवसाय एकवटला आहे आणि त्यात महिलांचा वाटा मोठा आहे. कच्चा माल महागल्याने काडेपेटीची किंमत १४ वर्षांनंतर, डिसेंबर २०२१ मध्ये, एक रुपयावरून दोन रुपये झाली. दहा रुपयांना मिळणारा एक प्लॅस्टिकचा लायटर वीस काडेपेट्यांची जागा घेतो, असे सांगत मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राकडे बंदीची मागणी केली. पुढील वर्षी आयातबंदी आली आणि जुलै २०२३ मध्ये लायटरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेशही जारी झाला. त्यामुळे लायटरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक ठरले. बाहेरून सुटे भाग आणून येथे जुळणी करण्याची वाट उरली होती. २०२४ मध्ये सुट्या भागांच्या आयातीवरही बंदी घालण्यात आली.

या निर्णयांचा ग्राहकापुरता अर्थ सरळ आहे. नवा लायटर घेताना तळाला गॅस भरण्याची झडप आहे का, खडा बदलता येतो का, ज्योतीची उंची कमी करता येते का आणि मानकाचे चिन्ह आहे का, या चार गोष्टी पाहाव्यात. असा लायटर महाग पडला तरी एक खडा आणि थोडा गॅस यांवर तो पुढे अनेक वर्षे चालतो. तो लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, उन्हापासून दूर ठेवावा. आणि कधी पेटेनासा झालाच, तर तो झटकण्यापूर्वी खोलीतला दिवा मालवून एकदा पाहावे, ठिणगी पडते का. पुढे काय करायचे हे बहुतेक वेळा तेवढ्यावरून ठरते.